व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पचा घरगुती धंदा: आधी दुरुस्ती शिका, मग विक्रीला बसा



सोल्डरिंगची आवड आहे, घरात गिटार आहे, यूट्यूबवर बघून एखादा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जोडलाय किंवा जोडायचाय. आणि मग डोक्यात किडा वळवळतो, "हे विकता येईल का?" उत्तर आहे, येईल. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्ही विकलेला अ‍ॅम्प सहा महिन्यांनी बंद पडला, तर तो अर्ध्या तासात का बंद पडला हे तुम्हाला सांगता येईल का? येत नसेल, तर तुमच्याकडे छंद आहे, धंदा अजून नाही.

व्हिडिओमध्ये हा विषय धावता घेतला होता. इथे नीट बसून बघू. सर्किट, बिघाड, हिशोब आणि कागदपत्रं, सगळं.

या धंद्यातले मोठे लोक कुठून आले?

लिओ फेंडर हे नाव गिटारवाल्यांना सांगायला नको. पण त्यांची सुरुवात गिटारने झाली नाही. १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. स्थानिक वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन यायचे. कुठला भाग कधी जळतो, कुठली वायर कुठे तुटते, हे त्यांना रोजच्या कामातून कळत गेलं. मग त्यांनी स्वतःचे अ‍ॅम्प बनवले, आणि ते दुरुस्तीला सोपे बनवले.

दुसरं उदाहरण लंडनचं. जिम मार्शल हे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. १९६० मध्ये त्यांनी हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांना फेंडरचे अ‍ॅम्प हवे होते, पण अमेरिकेहून आलेला माल इंग्लंडमध्ये फार महाग पडायचा. दुकानातले दुरुस्तीचे काम बघणारे केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांना घेऊन मार्शलनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवलं आणि जवळपास मिळणाऱ्या सुट्या भागांतून आपला अ‍ॅम्प उभा केला. तो जेटीएम४५. साल १९६२-६३. पहिल्या टप्प्यात वेगळा व्हॉल्व्ह, वेगळे ट्रान्सफॉर्मर, वेगळे स्पीकर. त्यामुळे आवाजही वेगळा झाला आणि तोच आवाज पुढे जगभर विकला गेला.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, गिऱ्हाईक आधीच दारात होतं. दोन, दुरुस्ती येणारा माणूस टीममध्ये होता.

आपल्याकडेही हे कौशल्य नवं नाही. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात मर्फीचा रेडिओ कारखाना होता. बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. गल्लोगल्ली रेडिओ मेकॅनिक असायचे. ट्रान्झिस्टर आला आणि ही पिढी मागे पडली. आज गिटारच्या जगात मुंबईचीच अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन ही छोटी कंपनी इफेक्ट पेडल बनवून परदेशातल्या वादकांनाही विकते. म्हणजे इथे बसून हे होतं, हे सिद्ध झालेलं आहे.

गिऱ्हाईक कोण?

अंधेरी पश्चिमेला ओशिवरा-वर्सोवा पट्ट्यात छोटे रेकॉर्डिंग स्टुडिओ आणि जॅमरूम आहेत. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत घराघरात गिटार आहे, चर्चचे बँड आहेत. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत नवरात्रीचे ऑर्केस्ट्रा आहेत. यातला प्रत्येक जण तुमचा अ‍ॅम्प विकत घेणार नाही. पण यातल्या प्रत्येकाकडे बिघडणारं काहीतरी आहे: खरखरणारा अ‍ॅम्प, तुटलेली केबल, आवाज न येणारा मिक्सर. गणपतीच्या आधीचे दोन महिने ते नवरात्र हा तुमचा दुरुस्तीचा सीझन. शिवाय पावसाळा. आपल्या हवेतल्या दमटपणाने व्हॉल्युमचे कंट्रोल आणि व्हॉल्व्हचे सॉकेट गंजतात, खरखर सुरू होते. बरीच कामं नुसत्या सफाईने सुटतात.

आणखी एक. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या माणसाला ५० वॉटचा अ‍ॅम्प देऊन काय करणार? व्हॉल्व्हचा ५ वॉटचा अ‍ॅम्पसुद्धा फ्लॅटमध्ये भरपूर मोठा वाजतो. शेजारी बेल वाजवेल इतका. म्हणून सुरुवात ५ वॉटपासूनच करा. स्वस्त, हलका, शिकायला सोपा आणि विकायलाही.

पहिला अ‍ॅम्प कुठला जोडावा?

फेंडर चॅम्पचं जुनं ५एफ१ सर्किट हा या विद्येचा श्रीगणेशा. तीनच व्हॉल्व्ह: पुढे १२एएक्स७, ज्याचं युरोपीय नाव ईसीसी८३, शेवटी आवाजाची ताकद देणारा ६व्ही६, आणि एसीचं डीसी करणारा ५वाय३. कंट्रोल एकच, व्हॉल्युम. सर्किट एका कागदावर मावतं. म्हणूनच बिघाड शोधायला शिकण्यासाठी यासारखं दुसरं काही नाही.

भाग घेताना तीन गोष्टी सांभाळा.

१. ट्रान्सफॉर्मर. हा अ‍ॅम्पचा सगळ्यात वजनदार आणि महत्त्वाचा भाग. परदेशी नकाशे ११७ व्होल्टवर आहेत, आपला सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. वाईंडिंगवाल्याला प्रायमरीला २३० आणि २४० असे दोन टॅप काढायला सांगा. कारण साधं गणित आहे. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर २४० व्होल्टवर चालवला, तर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी जवळपास ६.९ व्होल्ट मिळतात. दहा टक्के जास्त म्हणजे मर्यादेच्या काठावर. व्हॉल्व्हचं आयुष्य तिथेच कमी होतं.

२. कपॅसिटर. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोडच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एक फेरी मारली की बहुतेक सामान मिळतं. फक्त फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचे आणि १०५ अंशांचे घ्या, आणि ते तापणाऱ्या व्हॉल्व्हपासून लांब बसवा. मुंबईचा उन्हाळा डब्याच्या आत आणखी चढतो.

३. व्हॉल्व्ह. जगात व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने बोटावर मोजण्याइतके: रशिया, स्लोव्हाकिया, चीन. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियातून येणारा माल अडला आणि जगभर टंचाई, भाववाढ झाली. धंदेवाल्याने यातून काय शिकायचं? एकाच देशातल्या एकाच ब्रँडवर डिझाईन बांधू नका, आणि ऑर्डर घेण्याआधी व्हॉल्व्ह कपाटात असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जीव

हा परिच्छेद गाळून पुढे जायचं नाही. नाही म्हणजे नाही.

या डब्यात ३०० ते ३५० व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतं. त्यामुळे पद्धत ठरवून टाका. स्विच बंद, प्लग बाहेर. मीटरने कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा. २२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून ते उतरवा. काही सेकंदांत उतरतं. परत मोजा. शून्याच्या जवळ आल्याशिवाय आत हात नाही. चालू डब्यात मोजायचं असेल तर एक हात खिशात, पायात रबरी चप्पल, घरात दुसरं माणूस जागं. कोणी शिकवणारा मिळाला तर पहिले काही वेळा त्याच्या देखरेखीखालीच करा.

हे झालं तुमच्या जिवाचं. आता गिऱ्हाइकाचा जीव. गिटारच्या तारा केबलमार्फत अ‍ॅम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात. म्हणजे चॅसिसमध्ये करंट उतरला तर तो थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी याने हातात गिटार असताना नीट अर्थ नसलेल्या माइकला हात लावला आणि स्टेजवरच त्याचा मृत्यू झाला. कोणालाही भीती घालायची म्हणून सांगत नाही. आपल्या जुन्या चाळी-इमारतींत अर्थिंगची काय अवस्था असते, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून तुमच्या अ‍ॅम्पला तीन पिनांचाच प्लग, अर्थची वायर चॅसिसला स्वतंत्र बोल्टने घट्ट, योग्य फ्यूज, आणि मेनची वायर आतून ओढली तरी सुटणार नाही अशी. यात दहा रुपये वाचवणाऱ्याने हा धंदा करू नये.

पहिल्यांदा चालू करताना

इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड घ्या. अ‍ॅम्पच्या सप्लायला सिरीजमध्ये ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. पण लक्षात ठेवा, बल्ब ट्रान्सफॉर्मर वाचवतो, तुम्हाला नाही. शॉकचा धोका तेवढाच राहतो.

क्रम असा. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून फक्त ट्रान्सफॉर्मरची व्होल्टेज मोजा. मग व्हॉल्व्ह लावा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग बल्ब काढून पुन्हा मोजणी, आणि प्रत्येक आकडा वहीत.

एक आकडा तर पाठच करा. ६व्ही६च्या ८ नंबरच्या पायावर ४७० ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर १८ व्होल्ट दिसले, तर करंट झाला १८ भागिले ४७०, म्हणजे साधारण ३८ मिलीअ‍ॅम्पिअर. त्यातला थोडा स्क्रीनला जातो, प्लेटला उरतो ३६ धरा. प्लेटवर ३०० व्होल्ट असतील तर ३०० वजा १८ म्हणजे २८२. २८२ गुणिले ०.०३६, साधारण १० वॉट. ६व्ही६ची मर्यादा १२ वॉट. म्हणजे व्हॉल्व्ह आरामात आहे. हे गणित कागदावर करता आलं, की तुम्ही अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर पडलात.

बिघाड कसा शोधायचा?

*अजिबात आवाज नाही.* मागून पुढे तपासा. फ्यूज, फिलामेंट पेटतंय का, मुख्य डीसी आहे का, मग प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्लेटवर किती. १२एएक्स७च्या प्लेटवर सप्लायइतकंच पूर्ण व्होल्टेज दिसलं, तर तो व्हॉल्व्ह करंट घेतच नाहीये. कॅथोडचा रेझिस्टर तुटला असेल, सोल्डर सुटला असेल किंवा व्हॉल्व्ह गेला असेल.

*सतत हम येतोय.* आधी कानाने ओळखा. गिटारची सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की ९८ हर्ट्झचा सूर येतो. हम त्याच्या जवळपास असेल तर तो १०० हर्ट्झ: सप्लायमधून येतोय, फिल्टर कपॅसिटर बघा. त्याच्या एक सप्तक खाली, बास गिटारच्या जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळ असेल, तर तो ५० हर्ट्झ: फिलामेंटच्या वायरी, अर्थचा लूप किंवा खराब केबल. फिलामेंटच्या दोन्ही वायरी एकमेकींत पिळून सिग्नलच्या वायरींपासून लांब ठेवा. अ‍ॅम्प बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर १२एएक्स७ काढा आणि परत चालू करा. हम गेला तर दोष पुढच्या टप्प्यात, राहिला तर सप्लायमध्ये किंवा ६व्ही६च्या आसपास. एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेल्या अ‍ॅम्पमध्ये थोडा हम मुळातच राहतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

*चालू करताच कर्कश किंचाळतो.* नवीन जोडलेल्या अ‍ॅम्पमध्ये हे हमखास भेटतं. स्पीकरकडून मागे येणाऱ्या फीडबॅकची दिशा उलटी झालेली असते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा, अर्थात कपॅसिटर उतरवून.

*६व्ही६ची प्लेट लाल होतेय.* ताबडतोब बंद! मग ५ नंबरच्या पायावर मोजा. तिथे शून्याच्या आसपास असायला हवं. पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतोय. नवा व्हॉल्व्ह घालून बघू नका, तोही जाईल.

*ठोकलं की टणटणतो, मधूनच शिट्टी.* पेन्सिलच्या टोकाने व्हॉल्व्हवर हलकंच टिचकवा. ज्यावर स्पीकरमधून टणत्कार येतो, तो बदला. बदलल्यावरही तसंच, तर सॉकेट आणि सोल्डर.

एक नियम सगळ्याला लागू: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी मोजा. चार पार्ट एकदम बदलून अ‍ॅम्प सुरू झाला, तर तुमच्या हाती दुरुस्ती आली, ज्ञान आलं नाही.

बिघाडाची वही हीच तुमची खरी पूंजी

प्रत्येक कामाचं एक कार्ड ठेवा: गिऱ्हाइकाने सांगितलेली तक्रार, तुम्हाला दिसलेलं लक्षण, मोजलेले आकडे, खरं कारण, लागलेला वेळ, लागलेले पैसे. तीस-चाळीस कार्डं झाली की वही बोलायला लागते. कुठला सॉकेट सैल पडतो, कुठल्या दुकानाचे कपॅसिटर टिकतात, कुठल्या कामाला अर्धा तास आणि कुठल्याला दोन दिवस. मग तुमचा स्वतःचा अ‍ॅम्प डिझाईन करताना हेच दोष तुम्ही आधीच टाळाल. आणि वॉरंटी किती महिन्यांची द्यायची, हे हिशोबाने ठरेल.

हिशोब: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून आहेत. तुमचे भाव तुम्ही बाजारात फिरून भरा.

- दोन ट्रान्सफॉर्मर: ४,५००
- तीन व्हॉल्व्ह: ४,५००
- स्पीकर: ३,५००
- चॅसिस, लाकडी कॅबिनेट, कापड: ४,०००
- बाकी सुटे भाग, वायर, स्विच: २,५००
- साहित्य एकूण: १९,०००
- मजुरी २२ तास, तासाला २०० रुपये: ४,४००
- भाडं, वीज, प्रवास यांचा वाटा: १,६००
- वॉरंटीसाठी बाजूला, साहित्याच्या १० टक्के: १,९००
- खरा खर्च: २६,९००

विक्रीच्या २० टक्के नफा हवा असेल तर किंमत साधारण ३३,६००. आता बरेच जण काय करतात? साहित्य १९,००० अधिक "माझे पाच हजार", द्या २४,०००ला. म्हणजे प्रत्येक अ‍ॅम्पमागे २,९०० रुपये स्वतःच्या खिशातून घालतात आणि म्हणतात, मागणी खूप आहे! अहो, तोट्यात विकल्यावर मागणी असणारच.

आणि बघा, २२ तासांत सहा तास टेस्टिंगचे धरलेत. बिघाड शोधता येत नसेल तर तेच सहाचे वीस होतात आणि नफा तिथेच संपतो.

याउलट दुरुस्ती. आठवड्याला सहा कामं, सरासरी ६०० रुपये मजुरी, महिन्याला १४,४००. यात १९,००० रुपये अडकत नाहीत, आणि पार्टचे पैसे गिऱ्हाईक देतं. पहिलं वर्ष दुरुस्तीने घर चालवा, त्यातून उरलेल्या पैशात अ‍ॅम्प बनवा. गाळा लगेच घेऊ नका. एक टेबल, उजेड, चांगला मीटर आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशी जागा, एवढं पुरे.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

जीएसटीत एक गोम आहे. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा आहे. पण दुरुस्ती ही सेवा आहे. दोन्ही करत असाल तर २० लाखांची मर्यादा धरा. आणि अ‍ॅम्प दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही असो, नोंदणी आधी. अ‍ॅम्प्लिफायरवर १८ टक्के जीएसटी आहे. आपल्या उदाहरणातला अ‍ॅम्प मग गिऱ्हाइकाला सुमारे ३९,७००ला पडेल. हा आकडा समोर ठेवूनच बाजाराकडे बघा.

विजेच्या काही वस्तूंना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी बदलत असते. विक्रीआधी तुमची वस्तू त्यात येते का, हे सल्लागाराकडून लेखी घ्या. आणि जुनं सर्किट अभ्यासायला हरकत नाही, पण डब्यावर दुसऱ्याचं नाव किंवा लोगो लावायचा नाही. आपलं नाव लावा. ते मोठं करायलाच तर निघालोय.

तुमचा ९० दिवसांचा गृहपाठ

पहिले ३० दिवस: एक ५ वॉटचा अ‍ॅम्प स्वतःसाठी जोडा. सगळी व्होल्टेज वहीत.

पुढचे ३० दिवस: ओळखीतल्या दहा जणांचे अ‍ॅम्प, पेडल, केबल दुरुस्त करा. मजुरी घ्या, थोडी का होईना. फुकट केलेल्या कामाची किंमत कोणी ठेवत नाही. व्हॉल्व्हच्या डब्याला हात सुरक्षेची पद्धत अंगवळणी पडल्यावरच.

शेवटचे ३० दिवस: तुमचा अ‍ॅम्प एखाद्या जॅमरूममध्ये महिनाभर वापरायला द्या, तुमच्या माहितीतल्या आणि अर्थिंग तपासलेल्या जागी. रोज चार तास अनोळखी हात वाजवतील, तेव्हा तो टिकतो का, हे कळेल.

महिनाभराने तो चालू स्थितीत परत आला, तर दुसऱ्या अ‍ॅम्पचं सामान आणायला लॅमिंग्टन रोडला जा. बिघडून आला, तर कार्ड काढा, मोजा, कारण लिहा. दोन्हीकडे तुमचा फायदाच आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर काम करत राहा, आणि एक हात खिशात!